पडद्यावरचे सात सेकंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, आईला तर ती जाईपर्यंत नाही. तशी मी गप्प बसणारी बाई नव्हे — स्टाफरूममध्ये माझं तोंड सुरू झालं की सगळ्यांचे चहा गार होतात, असं आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात. पण हे एवढं सोडून सगळं बोलते. कदाचित हे बोलावं लागू नये म्हणूनच बाकीचं इतकं बोलत असेन. असो.

पिच्चरपासून सुरू करते. तो तुम्ही पाहिलाच असणार — ज्यात नव्या सुनेच्या वस्तू घरातून एकेक करून नाहीशा होतात, आणि घरातले सगळे गोड बोलून तिला पटवतात की तूच कुठंतरी ठेवलंस, तूच विसरलीस. शेवटी तिला आरशातली बाईसुद्धा खरी वाटेनाशी होते. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की कुणीतरी शोधत शोधत सिरसाळ्याला जाईल. तिथं एका घरात एक बाई आहे. तिला सगळे वेडी म्हणतात. ती वेडी नाही. हे अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते माणूस मी आहे.

थांबा, घाई होतेय माझी.

आधी कादंबरी आली होती. आमच्या शाळेत एकच प्रत, आणि ती अकरा बायांनी वाचली, पानं सुटेस्तोवर. कोण म्हणायची नवराच चोर, कोण म्हणायची सासू. मधल्या सुट्टीत पैजा लागायच्या. मी दोन दिवसांत वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली. कादंबरीत चोर निघते नणंद. मला वाटलं, ह्या लेखिकेला कुणी सांगितलं असेल? मग माझं मलाच हसू आलं. कोण सांगणार? मी तर सांगितलं नव्हतं.

मग त्या कादंबरीवर पिच्चर काढायचं ठरलं, आणि त्यांना गोष्ट आपल्याकडं घडवायची होती — बीडकडचं घर, बीडकडची बोली. गॅदरिंगला मी गावाकडच्या बायांच्या नकला करते. कुणीतरी त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरवला, तो फिरत फिरत दिग्दर्शिका बाईंपर्यंत गेला. तरुण पोरगी, माझ्या लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. त्यांनी नारायणगडाच्या अलीकडं एक दगडी घर भाड्यानं घेतलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर मी तिथं. नट्यांना बोलायला शिकवायचं — ‘का’ म्हणू नका, ‘कावून’ म्हणा; ‘आहे’ नको, ‘हाय’ म्हणा. भाकरी कशी थापतात, सासऱ्यासमोर पदर कसा घेतात. सगळे मला मॅडम मॅडम करत होते. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं.

एक दिवस दिग्दर्शिका बाई अडल्या. कादंबरीत सुनेचा किल्ल्यांचा जुडगा हरवतो, तिथून सगळं सुरू होतं. त्या म्हणाल्या, किल्ल्या काय, कुणीही विसरतं. अशी वस्तू पाहिजे की ती हरवली तर बाई मुळापासून हलली पाहिजे, आणि बघणाऱ्यालाही शंका आली पाहिजे की ही खरंच भ्रमिष्ट आहे का. सगळे विचार करायला लागले. कुणी मंगळसूत्र म्हणालं, कुणी फोटो.

मी म्हणाले, इष्टलिंग.

आम्ही लिंगायत. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते — लहानपणी स्वामी दीक्षा देतात तेव्हा एक लिंग मिळतं, काळं, तळहातात मावणारं. चांदीच्या डबीत घालून गळ्यात दोऱ्याला बांधायचं, ते जन्मभर अंगावर. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात कण घालायचा नाही. आणि माणूस गेलं की त्याला बसवून मातीत ठेवतात, तेव्हा हेच लिंग त्याच्या हातात देतात. ज्याचं त्याच्याबरोबर जातं. दुसऱ्याचं चालत नाही.

दिग्दर्शिका बाईंनी टाळीच वाजवली. मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?

मी म्हणाले, असंच, सुचलं.

सुचलं! काय जीभ असते माणसाची. तेहतीस वर्षं जे माझ्या कपाटात पडून होतं, ते मला ‘सुचलं’.

आता सांगते.

मी सोळा वर्षांची होते, अकरावीला. नांदूरघाटला आमचं कापडाचं दुकान. दादाचं लग्न झालं आणि सिरसाळ्याची शिवकांता वहिनी घरात आली. वीस-एकवीस वर्षांची, बुटकीशी, कामाला वाघीण, आणि पूजेला पक्की. ती तळहातावर लिंग घेऊन बसली की पापणी लवायची नाही. आप्पा — माझे वडील — तिच्यावर बेहद्द खूश. मी आपली डबी कोनाड्यात टाकून शाळेला पळणारी. आल्यागेल्यासमोर आप्पा म्हणायचे, परक्या घरची पोर बघा आणि आमची बघा. पाहुणे हसायचे. वहिनी मान खाली घालायची, माझ्यासाठी तिलाच ओशाळं वाटायचं. ते मला सगळ्यात जास्त झोंबायचं. ती वाईट असती तर बरं झालं असतं. दुपारी माझी वेणी घालायची, माझ्या ओढण्यांना काठ लावून द्यायची. अशा माणसाचा राग कसा करायचा सांगा? पण केला. मनापासून केला.

सोमवार होता. वहिनीचा दोरा जीर्ण झाला होता म्हणून पूजेनंतर ती डबी पाटावर ठेवून नवा दोरा वळत होती. एवढ्यात चुलीवरचं दूध उतू चाललं. ती उठून धावली. मी देवघराच्या दारात केस विंचरत बसले होते. पाटावरची डबी उचलली आणि दप्तरातल्या कंपासपेटीत टाकली. किती वेळ लागला असेल? दूध उतरवून ती परत येईपर्यंतचा. संध्याकाळी परत ठेवू, असं डोक्यात होतं. एकदा, फक्त एकदा, आप्पांनी तिला बोललेलं मला ऐकायचं होतं.

आणि आप्पा बोललेच नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, घरातून देव गेला, तो सापडेपर्यंत ह्या घरात चूल पेटायची नाही. सकाळपासून सगळे उपाशी, शोधाशोध चालू. दुपारी त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. वहिनी म्हणाली, मी पाटावर ठेवलं होतं आप्पा, दूध उतू चाललं म्हणून उठले. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण दारात मीच होते.

मी म्हणाले, “वहिनी, तुमी डबी हातात घेऊन परसात गेलता. मी बघितलं.”

बास. एवढंच. हीच माझी चोरी — डबी नव्हे, हे वाक्य. डबी तर परत देता आली असती.

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता हो तिच्या डोळ्यांत. राग असता तर मी तिथंच रडले असते. ती आठवायचा प्रयत्न करत होती. “मी गेलते?” असं तिनं विचारलं, पण मला नाही, स्वतःलाच. आणि परसात जाऊन शोधायला लागली.

तुम्ही म्हणाल, मग टाकायची की कुठंतरी परसात, सापडली असती. मला सुचलं नाही असं वाटतं तुम्हाला? तिसऱ्या दिवशी मुठीत घेऊन गेलेही. पण तोवर वहिनीनं परस चाळणीनं चाळला होता. चुलीची राख चाळली, शेणाचा उकिरडा उपसला, कडब्याची पेंढी न् पेंढी सोडून झाडली. तिनं इतकं शोधलं होतं की ती डबी ठेवायला कुठं जागाच शिल्लक राहिली नव्हती. जिथं ठेवीन तिथं ती आधीच बघून गेलेली. तिथं सापडली असती तर सगळ्यांना कळलं असतं की कुणीतरी आता आणून ठेवली. मी मूठ आवळून उभी, आणि ती गुडघ्यावर बसून मातीत बोटं फिरवतेय. तीन दिवस पोटात काही नाही. मला बघून म्हणाली, “सुमनताई, तुमी सांगता तर खरंच असंल. मीच कुठं पाडलं असंल.” मी आत गेले. डबी परत कंपासपेटीत.

चौथ्या दिवशी आप्पांनी स्वामींना बोलावलं. त्यांनी नवं लिंग दिलं, वहिनी दोन घास जेवली, घरात चूल पेटली. लोकांच्या दृष्टीनं विषय मिटला. वहिनीचा मिटला नाही. एवढी जिवापाड जपलेली वस्तू आपण परसात नेली आणि आपल्याला आठवतच नाही, म्हणजे आणखी काय काय आठवत नसेल? ती कडी लावायची आणि परत बघायला यायची. भाजीत मीठ टाकलं का, हे मला विचारायची. मला! “सुमनताई, मी आत्ता अंघोळ केली का हो?” दादा चिडायला लागला, आई शेजारणींशी कुजबुजायला लागली. वर्ष भरायच्या आत विश्रांतीसाठी म्हणून तिला सिरसाळ्याला पाठवलं. लेकरू नव्हतं, म्हणून पाठवणं सोपं गेलं. परत आणलं नाही. दोन वर्षांनी दादाचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नात मी हळद खेळले, नाचले, फोटोत आहे मी.

एक मात्र केलं. दर पंचमीला सिरसाळ्याला जाते, साडी नेते. वहिनीच्या माहेरचे सगळ्यांना सांगतात, नणंद असावी तर अशी, भावानं टाकलं पण हिनं नातं सोडलं नाही. वहिनी हळूहळू सावरली होती, बरं का. भावाच्या घरात पापड-कुरडया, शिवण, पोरांची उस्तवार. फक्त कडी तेवढी दोनदा बघायची. जाताना मला म्हणायची, माझ्या त्या दिवसांत तुमी एकट्या मला गोड बोलत होता.

डबी मी टाकली नाही. कशी टाकणार? तिच्यासोबत मातीत जायची ती. लग्न झालं तेव्हा माझ्यासोबत केजला आली, घरं बदलली तशी कपाटं बदलत राहिली.

आता परत त्या शूटिंगवर या. नणंदेचं काम करणारी पोरगी हुशार होती. मी तिला वाक्य शिकवलं — वहिनी, तुमी डबी हातात घेऊन परसात गेलता. दहादा म्हणून घेतलं. ती म्हणाली, मॅडम, हे बोलताना हिच्या मनात काय चाललेलं असतं? द्वेष? भीती? मी म्हटलं, काही नसतं गं. सकाळपासून उपाशी असते ती, हा विषय मिटून कधी एकदा जेवायला मिळतं असं झालेलं असतं.  दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, काय जाण आहे तुम्हाला माणसांची.

आणि मग ती डबी. त्यांनी बाजारातून नवं लिंग आणलं होतं, नवी कोरी चकाकती डबी. कॅमेऱ्यात खोटं दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, वापरलेलं पाहिजे, कुणाचं जुनं मिळेल का? कोण देणार जिवंतपणी आपलं लिंग? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पर्समधून काढून दिलं. आमच्याकडं जुनं पडून होतं, म्हणाले.

कावून दिलं? ह्याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. सुटका पाहिजे होती असं म्हटलं तर शोभून दिसेल. पण खरं सांगते — मला पुन्हा एकदा ‘वा मॅडम’ ऐकायचं होतं. आणि वहिनी कशाला पिच्चर बघतेय, असा हिशेब होता.

पडद्यावर ती डबी सात सेकंद दिसते. उघडते, आतलं लिंग तळहातावर येतं, कॅमेरा जवळ जातो. मी मोजलेत सेकंद. बीडला थेटरात अख्ख्या शाळेचा स्टाफ घेऊन गेलो होतो. मी रांगेच्या मधोमध, दोन्हीकडं सहा-सहा बाया, उठायचं म्हटलं तरी जागा नाही. शेवटी नणंद पकडली जाते तेव्हा पोरं शिट्ट्या मारत होती. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, असल्या बाईला भर चौकात उभं केलं पाहिजे. मी हो म्हणाले. पाटी आली, माझं नाव आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी शाळेत शाल-श्रीफळ.

वहिनीच्या भावाचा मुलगा, त्याला मीच फोन करून सांगितलं होतं — माझं नाव आहे बघ शेवटी. पिच्चर मोबाईलवर आला तसा त्यानं आत्याला बसवून दाखवला. कौतुकानं हो, तुमच्या सुमनताईचं नाव बघा म्हणून.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. ती स्वतः कधी फोन करत नाही. आवाज एकदम मोकळा, नांदूरघाटला नवी आली होती तेव्हाचा. म्हणाली, ते लिंग माझं हाय. कडेला तिळाएवढा टवका हाय, सात वर्षांची असताना मठाच्या पायरीवर पडलं होतं तवाचा. डबीची कडी पितळेची हाय, चांदीची तुटली म्हणून बाबांनी लावून घेतलेली. तेरा-चौदा वर्षं रोज सकाळी त्याच्याकडं बघत बसले मी, मला कळणार न्हाई का? मग म्हणाली, “सुमनताई, मी परसात गेलतेच न्हाई. मी पाटावरच ठेवलं होतं. कुणीतरी उचललं. त्या पिच्चरवाल्यांना इचारा, त्यांना कुणी दिलं. मला मातीत जाताना लागंल ते.”

तेहतीस वर्षांनी ती स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. फोनवर ऐकू येत होतं मला. फक्त ‘मी’ एवढं एक अक्षर म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “अहो वहिनी, बाजारातून आणलेलं होतं ते, माझ्यासमोर आणलं. तुम्हाला भास झाला असंल.”

  ती म्हणाली, हां, तुमी तिथंच होता की. असंल.

दुसऱ्यांदा, म्हणजे. सोळाव्या वर्षी पोरकट होते म्हणावं, तर आता मी पन्नाशीची आहे. पोरांना खरं बोलावं हा धडा शिकवते.

काल वहिनीच्या त्या भाच्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, आत्याचं परत बिघडलंय. कड्या चारचारदा बघते. आणि गळ्यातलं लिंग काढून ठेवलंय, हे माझं न्हाई म्हणते. सकाळी अंघोळ करून बसते, मोबाईलमध्ये तो पिच्चर तिथं नेऊन थांबवते, मोबाईल डाव्या हातावर ठेवते, त्याला विभूती लावते, बेल वाहते, आणि बघत बसते. मोबाईल मधे मधे अंधारतो, तवा बोट लावून परत उजेड करते. ते झाल्याशिवाय जेवत न्हाई. घरात पोरं हसायली, बायको रडायली. बुधवारी अंबाजोगाईला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलंय. ते विचारतील, पहिल्यांदा कधी झालं, कसं झालं. तुमी होता ना तवा घरात? जरा नीट सांगा, मी लिहून घेतो.

मी सांगितलं. दूध उतू चाललं होतं, त्या डबी हातात घेऊन परसात गेल्या होत्या, मी स्वतः बघितलं. तो सावकाश लिहीत होता, ‘स्वतः बघितलं’ हे त्यानं परत विचारून घेतलं. शूटिंगवाल्यांनी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर नंबराची चिठ्ठी चिकटवून परत पाठवली होती. सांगत होते तेव्हा ती माझ्यासमोर टेबलावर होती. आत्ताही आहे.